थंडी आपल्या दारातली



‘थंडीचं चित्र काढा’ असं सांगितलं की तुमच्या वहीत काय उमटतं? पांढरंशुभ्र मैदान, गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस, त्याला टोपी अन् मफलर. चित्रं छान असतात, बरं का! पण खरं सांगा, असा बर्फ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? आपल्या सांगली-मिरजेकडे बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर, अन् तोही उन्हाळ्यात!

विश्रामबागेत माझ्या ओळखीचं एक ख्रिस्ती कुटुंब आहे. घरात सातवीतली ताई आणि तिची दोन धाकटी भावंडं, एक साडेतीन वर्षांचं, एक पाच वर्षांचं. पहिलीत जाईपर्यंत या दोघांना घरीच शिकवायचं असं आईनं ठरवलंय. नाताळच्या सुट्टीत आईपुढे कामाचा डोंगर असतो. करंज्या, चकल्या, घराची आवराआवर! म्हणून तो आठवडा ताईनं आपल्याकडे घेतला. विषय निवडला ‘थंडी’. तिनं चित्रांचं पुस्तक उघडलं. पानोपानी बर्फ! ते पाहून धाकट्यानं विचारलं, “ताई, आपल्याकडे खरी थंडी कधी येणार?” अन् हे विचारताना कानटोपी घालून तो स्वतः कुडकुडत होता!

हसू नका हं. पुस्तकातलं तेवढं खरं आणि आपल्या अंगणातलं खोटं, असं एकदा लहान मुलाला वाटलं, की ते अंगणाकडे बघायचंच सोडून देतं. मग शिकायचं तरी कशातून? ताई माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी पुस्तक मिटलं आणि दारातल्या थंडीचा आठवडा आखला. तुमच्याही घरी धाकटी भावंडं असतील, म्हणून तो तुम्हांलाही सांगते.

सोमवार : खोबरेल तेलाची बाटली. सकाळी उठून पाहा, तेल पांढरं, घट्ट झालेलं असतं. सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल तेल थिजतं. बाटली उन्हात ठेवा आणि भावंडांना पाहत बसू द्या. गोडं तेल मात्र थिजत नाही. का, ते तुम्ही लगेच सांगू नका. त्यांना विचारू द्या.

मंगळवार : काठीची सावली. अंगणात मीटरभर काठी सरळ रोवा आणि भरदुपारी तिची सावली मोजा. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे ती सुमारे ८५ सेंटिमीटर भरते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास हीच सावली भरदुपारी जवळजवळ नाहीशी होते! थोरल्यांसाठी एक गंमत सांगते. थंडी पडते ती सूर्य लांब जातो म्हणून नव्हे. उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैत हे अंतर १५ कोटी २० लाखांवर जातं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं आणि दिवसही लहान असतो, म्हणून थंडी. ऑस्ट्रेलियात तर नाताळ भर उन्हाळ्यात येतो!

बुधवार : पाहुणे पाखरं. नदीकाठी शेपटी वरखाली हलवत पळणारा धोबी पाहा. जोंधळ्याच्या रानावर ढगासारखा उतरणारा भोरड्यांचा थवा पाहा. भोरड्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येतात. म्हणजे बर्फ आपल्याकडे येत नाही, पण थंड मुलखातली पाखरं मात्र न चुकता येतात. साडेतीन वर्षांच्या बाळाला ‘स्थलांतर’ हा शब्द सांगू नका. ‘पाहुणे’ म्हणा, त्याला पुरतं.

गुरुवार : ताटातली थंडी. हरभऱ्याचे डहाळे, बोरं, ऊस, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हरभऱ्याचे घाटे सोलून एकेकात किती दाणे निघतात ते मोजायचं. हे झालं गणित! ‘ब’ बोराचा, ‘ऊ’ उसाचा, ‘त’ तिळाचा. ही झाली अक्षरं! अक्षरं वहीत काढण्याआधी ताटलीत पीठ पसरून त्यात बोटानं काढू द्या.

शुक्रवार : पांघरूण. घरातली गोधडी उलगडा. कोणता तुकडा कुणाच्या साडीचा, ते आजीला विचारा. मग आणखी एक प्रश्न विचारा, “पांघरूण कमी पडतं ते कुणाला?” या दिवसांत आपल्या जिल्ह्यात उसाची तोड चालू असते. दूरदूरच्या गावांहून तोडणी कामगार आलेले असतात. त्यांची मुलं रानात, खोपीत राहतात आणि बैलगाडीबरोबर पहाटे उठतात. त्यांच्यासाठी थंडी म्हणजे चित्र नव्हे. ताईच्या घरी त्या दिवशी कपाट उघडलं. तिनं एक नियम केला. फाटकं द्यायचं नाही, आपण स्वतः वापरू असंच द्यायचं. पाच वर्षांच्या भावानं आपला निळा स्वेटर पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. कुणी त्याला घाई केली नाही. शेवटी आईबरोबर जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं तो दिला.

शनिवार : गव्हाणीचा देखावा. दरवर्षी या घरात येशूजन्माच्या देखाव्यावर कापसाचा बर्फ पसरत. या वर्षी ताईनं आधी लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. त्यात बर्फ नाही आणि तारीखही नाही. त्यात आहेत रात्री रानात राहून कळप राखणारे मेंढपाळ. बेथलेहेम डोंगरावरचं गाव आहे, तिथं कधीमधी बर्फ पडतोही. पण आपल्या शुभेच्छापत्रांवरचा बर्फ बहुतेक युरोप-अमेरिकेतून आलेला. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस कॅनडात जन्मलेले. तसल्या मुलखातून आलेल्यांना बर्फाचं चित्र म्हणजे घरची आठवण असणार. आपल्या घरची आठवण कोणती? पावसाळा सरला की आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडचे धनगर कळप घेऊन बाहेर पडतात आणि बागायती रानांत मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे. रात्री घोंगडी पांघरून, कुत्री घेऊन ते राखण करतात. ही गोष्ट आपल्या मुलांना परकी वाटायचं काही कारणच नाही! मग गोठा कडब्याचा झाला, मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा आला. अन् कापूस? धाकट्यानं त्याची मेंढरं केली. सात झाली, त्यातली दोन आडवी पडत होती.

रविवारी अभ्यास नाही. सगळी चर्चला गेली.

मोठ्या मुलांनो, घरी शिकणं-शिकवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. कवी ना. वा. टिळकांशी लग्न झाल्यावर त्या घरी लिहा-वाचायला शिकल्या. ज्याला दोन अक्षरं जास्त येतात, त्यानं दुसऱ्याला ती द्यायची, एवढंच.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नका. हात लावायला मिळेल अशी वस्तू रोज एक तरी हवीच. आणि ‘चुकलास!’ असं ओरडू नका. ‘पुन्हा बघू या का?’ असं म्हणा.

धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर ताईनं शब्दांत दिलंच नाही. पुढच्या सोमवारी सकाळी तोच बाटली घेऊन धावत आला, “ताई, तेल झोपलंय! थंडी आली!”

आता तुम्ही एक करा. तुमच्या गावच्या थंडीत काय काय असतं, त्याच्या दहा वस्तूंची यादी भावंडांना शेजारी बसवून लिहा. बर्फ त्यात चालणार नाही! यादी आमच्याकडे पाठवा, वाट पाहते.

तुमच्या,
बाई