साधनांत जुगाड चालेल, शिस्तीत नाही

परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी लघुपट करायचा म्हटले की उसना कॅमेरा, दोन मेमरी कार्ड आणि कुणाचा तरी लॅपटॉप, एवढ्यावरच भागवावे लागते. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर उजेड आहे तोवर शॉट उरकायचे आणि फुटेजचे 'नंतर बघू' म्हणायचे. घोळ तिथेच होतो.

कार्ड फॉरमॅट केले की काही कॅमेरे फाइलचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात. सकाळच्या कार्डावर 'सी०००१', दुपारच्याही कार्डावर 'सी०००१'. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकताना घाईत 'रिप्लेस' दाबले की सकाळचा सीन गेलाच. शंभर मेगाबिटच्या दराने फोर-के चित्रण केले तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचे कार्ड दीड तासाच्या आत भरते. म्हणजे ही घाई दिवसातून अनेकदा.

महागडा क्लॅप नसला तरी शाळेची पाटी आणि खडू पुरतो. सीन, शॉट, टेक आणि कार्डाचा क्रमांक लिहा, मोठ्याने वाचा, कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. मोबाइलवर वेगळा घेतलेला आवाज तिच्यावरच जुळवायचा असतो. सुरुवातीला राहून गेले तर शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरा. भरलेल्या कार्डाचे लॉक लगेच सरकवा, त्याच्या डबीवर लाल चिकटपट्टी लावा. साध्या वहीत रकाने आखा: कार्ड, फाइल, सीन, टेक, शेरा. प्रत्येक कार्डाला तारखेसह स्वतंत्र फोल्डर द्या.

एवढा जुगाड खुशाल करा. नियम मात्र पक्के हवेत. कार्डांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, फाइलींची संख्या आणि आकार जुळवलेला, क्लिप उघडून पाहिलेल्या, त्यानंतरच फॉरमॅट. मध्येच वीज गेली आणि कॉपी अर्धवट राहिली, तर ती पुन्हा पहिल्यापासून. यात दिग्दर्शकाचीही घाई चालवून घेऊ नये.

१९३१ च्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र आजही पाहता येतो. चित्रपट घडवण्याइतकेच तो जपणेही मोलाचे असते.

म्हणून माध्यम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: लघुपटासोबत ती वहीही तपासा, तिला गुण द्या. आणि श्रेयनामावलीत फुटेज सांभाळणाऱ्याचे नाव छायालेखकाच्या शेजारी येऊ द्या. ज्या कामाला नाव मिळते, ते काम विद्यार्थी मन लावून करतात.