अश्लीलतेच्या दारातून येणारा सेन्सॉर

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने अश्लील मजकुराच्या कारणावरून १८ ओटीटी मंच बंद केले. अशा मजकुराची बाजू घेण्यास सभ्य माणूस सहसा धजत नाही आणि म्हणूनच नियंत्रणाची सुरुवात तेथून करणे सत्तेला सोयीचे असते. ‘प्लेबॉय’ या पुरुषांच्या मासिकाच्या ब्राझीलमधील आवृत्तीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. जानेवारी १९७० मध्ये तिने काढलेल्या १०७७ क्रमांकाच्या हुकुमाने नीतिमत्तेला बाधक पुस्तके व नियतकालिके यांच्यावर पूर्वतपासणी लादली. या हुकुमाचे मर्म त्याच्या प्रस्तावनेत आहे. असे साहित्य राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात आणणाऱ्या विध्वंसक योजनेचा भाग असल्याचे सरकारने तेथे म्हटले होते. शृंगार आणि राजद्रोह यांच्यातील सीमारेषा अशी लेखणीच्या एका फटकाऱ्याने पुसली गेली.

ऑगस्ट १९७५ मध्ये साओ पावलोच्या ‘एदितोरा आब्रिल’ या प्रकाशनसंस्थेने हे मासिक सुरू केले. परंतु ‘प्लेबॉय’ हे नाव वापरण्यास मनाई असल्याने ते ‘पुरुषांचे मासिक’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज नावाने निघाले. मूळ नाव मुखपृष्ठावर येण्यास जुलै १९७८ उजाडावा लागला.

ही कात्री केवळ छायाचित्रांवर चालत नव्हती. त्याच संस्थेचे ‘वेजा’ हे वृत्तसाप्ताहिकही तिच्या धारेखाली होते. ‘ओ एस्तादो द साओ पावलो’ या दैनिकाने कापलेल्या बातम्यांच्या जागी कामोंइशच्या महाकाव्यातील कडवी छापली. सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेला हाच तो पोर्तुगीज कवी. त्याच्या भावंड दैनिकाने तर पाककृती छापल्या. मासिक सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच २५ ऑक्टोबर १९७५ रोजी पत्रकार व्लादिमिर हर्झोग यांचा त्याच शहरातील लष्करी कोठडीत अंत झाला. सरकारने ती आत्महत्या ठरवली. २०१८ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या छळाच्या व हत्येच्या प्रकरणी ब्राझीलला जबाबदार धरले. मासिकाच्या नावाने समाजाची नीती बिघडेल अशी चिंता वाहणारी राजवट ती हीच.

हे दूरदेशीचे वृत्त म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. १९७६ च्या आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंधक कायद्याने सरकारविरुद्ध असंतोष पसरवणारे लेखन आणि अश्लील लेखन ‘आक्षेपार्ह’ या एकाच शब्दाखाली आणले. १९७७ मध्ये तो रद्द झाला. सालाझारच्या अमलात वृत्तपत्रांची पूर्वतपासणी अनुभवलेल्या गोव्याला ही रीत आणीबाणीतही नवी नव्हती.

अशा मासिकांत स्त्रीचे वस्तूकरण होते, हा आक्षेप खरा आहे आणि तो गांभीर्यानेच घेतला पाहिजे. मात्र त्याचा निवाडा कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रक्रियेने करावा, हा स्वतंत्र प्रश्न आहे. प्रकाशनानंतर खुल्या न्यायालयात, दोन्ही बाजू ऐकून, कारणे नोंदवून दिलेला निर्णय आणि प्रकाशनापूर्वी बंद खोलीत अधिकाऱ्याने ओढलेली लाल रेघ यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्याविरुद्ध अपील करता येते. दुसरीचा तर वाचकाला पत्ताही लागत नाही.

ब्राझीलने १९८८ च्या संविधानात राजकीय, वैचारिक आणि कलात्मक अशा तिन्ही प्रकारच्या सेन्सॉरशिपला एकाच कलमात मनाई केली. यांपैकी एकीला आत घेतले की बाकीच्यांना दार उघडे होते, हे त्या देशाने मोठी किंमत मोजून जाणले होते. आपल्याकडे डिजिटल मजकुरासाठी नवे नियम करताना त्या नियमांचा हेतू किती शुद्ध आहे, एवढेच पाहून भागणार नाही. तेच नियम उद्या नावडत्या बातमीला लावता येतील काय, हेही आजच तपासले पाहिजे.