मंद आणि बंद

दुकानदारानं मशीन न बघता फोनवरच निकाल दिला होता. "फॉरमॅट मारावं लागेल. डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही." खालच्या मजल्यावरचे काका हे सांगायला वर आले, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. बारा-तेरा वर्षांचे घरचे फोटो त्या एका कॉम्प्युटरवर आहेत आणि दुसरीकडे कुठेच प्रत नाही. तक्रारी दोन. मशीन कमालीचं स्लो झालंय. आणि रात्री शट डाउन केलं की पडद्यावर ठिपके गोल फिरत राहतात, कधीकधी बंद म्हणून होत नाही. उलट दुपारी काम चालू असताना मात्र अधूनमधून फटकन बंद पडतं.

या सदराला येणाऱ्या पत्रांत हीच रडकथा पुन्हा पुन्हा असते आणि बहुतेक जण या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरतात. माझा अनुभव वेगळा आहे. मंदपणा आणि बंद होण्यातला घोळ हे बऱ्याचदा एकाच दुखण्याचे दोन अवतार असतात. ते दुखणं सापडेपर्यंत कुणालाही फॉरमॅटला हात लावू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काकांकडे गेलो आणि आधी टास्क मॅनेजर उघडला. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'अप टाइम' दिसतो, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे. आकडा होता काही दिवसांचा. "अहो, रोज रात्री बंद करतो मी!" काका म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं हे खरं. पण गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये काही बिघडलं असेल, तर तेही रोज सकाळी परत उठून बसतं. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं मुळापासून नव्यानं सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट त्या बटणापाशी चार शब्दांत लिहायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. लोकांनी 'बंद' या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो.

रिस्टार्ट केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवर चिकटला होता, आणि त्या वेळी आम्ही काहीच करत नव्हतो. ट्रायलची मुदत संपलेला एक अँटिव्हायरस दुसऱ्याच्या जोडीनं चालत होता, तो काढला. तरी रकाना हलेना. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालवला आणि पिवळा रंग दिसला. डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या.

इथे दोन्ही तक्रारींचा धागा जुळतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेत फिरतात आणि त्यांवरून हेड सरकत माहिती वाचतं. जागा खराब असली की तीच माहिती डिस्क पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळतं. दिवसा आपण याला 'स्लो' म्हणतो. रात्री बंद होताना उघड्या फायली आणि तो गाभा याच डिस्कवर लिहायचा असतो. लिहून होईना, की ठिपके फिरत राहतात. मग माणूस कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरतो किंवा सरळ भिंतीवरचा स्विच काढतो. फायली अर्धवट राहतात, डिस्कला आणखी एक झटका बसतो, उद्या मशीन आणखी स्लो. काकाही महिनाभर अधूनमधून हेच करत होते. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून नवं विंडोज चढवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. फोटो गेले असते, दोन आठवडे बरं वाटलं असतं, आणि दुखणं तिथंच राहिलं असतं. दुरुस्तीसाठी चेकडिस्कसुद्धा आधी चालवू नये. पहिलं काम एकच, हवं ते दुसरीकडे उतरवून घेणं.

दुपारी फटकन बंद पडण्याचं कारण कॅबिनेट उघडल्यावर दिसलं. प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि बाजूचा पत्रा सरकवला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण त्याच्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसला होता. थोडा चिकट, काळपट. कॉम्प्युटरचं टेबल देवघराला लागून आहे; उदबत्तीचा धूर वर्षानुवर्षं त्यात जात होता. कूलर काढला तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधल्या थर्मल पेस्टचा वाळून खडू झाला होता. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये ही हद्द 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यानंही भागलं नाही तर जळण्यापेक्षा तो स्वतःच मशीन बंद करतो. म्हणजे इथेही आधी मंद, मग बंद.

मऊ ब्रश घेतला, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारला, जुनी पेस्ट पुसली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. सगळं मिळून पाऊण तास. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज उरलेली असू शकते.

एवढं करायची प्रत्येकाची तयारी नसते, हे मला मान्य आहे. पण दुकानात मशीन नेताना तीन प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे: डिस्कची तब्येत पाहिली का, तापमान किती येतं, आणि विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, काय नोंद आहे? त्यातला 41 नंबर सांगतो की मशीन रीतसर बंद न होता गेलं. 1074 सांगतो की कुठल्या प्रोग्रॅमनं बंद करायला लावलं. हे पाहायला दहा मिनिटं लागतात. जो माणूस ती दहा मिनिटं न देता 'फॉरमॅट' म्हणतो, त्याच्याकडे घरच्या आठवणी सोपवू नयेत.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली डिस्क, बसवायची, असं आता ठरलंय. जुन्या मशीनवर खर्च करायचाच असेल तर पहिला तिथेच करावा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याचं काय करायचं हा प्रश्नही काकांपुढे आहे, पण तो स्वतंत्रपणे सोडवू. सध्या ते बाहेरच्या डिस्कवर एकेका वर्षाचा फोल्डर उतरवून घेतायत. काही फोल्डरला पाच मिनिटं लागतात, काहींना दीड तास. काल रात्री त्यांचा फोन आला, तेव्हा 2014 पर्यंत पोचले होते. नातीच्या बारशाचे फोटो सगळे उघडले म्हणाले.