सवलत कागदाला, धूर रस्त्यावर

जर्मनीत कंपनीची मोटार खाजगी कामासाठी वापरणाऱ्या नोकरदाराच्या करपात्र उत्पन्नात डिझेल एसयूव्हीच्या किमतीचा १ टक्का दरमहा मिळवला जातो. वीज व पेट्रोल दोहोंवर चालणाऱ्या, निकषांत बसणाऱ्या प्लग-इन हायब्रिडचा मात्र अर्धाच. युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार या प्लग-इन मोटारींचे रस्त्यावरील कार्बन-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाले. कारण गृहीत धरल्याइतक्या वेळा त्या चार्जच होत नाहीत. इंधनाचे बिल कंपनी भरत असता ती तसदी कोण घेणार? बॅटरीचे ओझे वाहत पेट्रोल जाळणाऱ्या अशा मोटारीपेक्षा लांबच्या प्रवासास डिझेलच काटकसरीचे. रोज घरी चार्ज करणाऱ्याने प्लग-इन अवश्य घ्यावी. परंतु सरकारी सवलत कागदावरील आकड्याला नव्हे, प्रत्यक्ष वापरलेल्या विजेला मिळावी.