सामन्याची रात्र, गावातच

फुटबॉल विश्वचषकाभोवती मित्रमंडळींची मैफल जमवण्याची रीत महाराष्ट्रात मुख्यतः कोल्हापूरची. तिथे पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचेच फुटबॉल संघ आहेत आणि ब्राझील-अर्जेंटिनाचे पाठीराखे पेठापेठांत फलक उभारतात. बीड जिल्ह्यात ही रीत रुजलेली नाही. 2022 ची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात झाली. इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा कारखान्यांवर होत्या. 2026 ची स्पर्धा मात्र 11 जून ते 19 जुलैची. टोळ्या घरी परतलेल्या, पेरणीची लगबग. म्हणून आमच्या या अंकाचा विषय आहे घरच्या साहित्यावर सजवलेली सामन्याची रात्र.

अमेरिका, कॅनडा, मेक्सिको या तीन यजमानांपैकी मेक्सिकोचा बेत सर्वांत सोपा, कारण मका आणि मिरची मूळची तिकडचीच. निखाऱ्यावर भाजलेले कणीस, त्यावर तिखट-मिठात बुडवून चोळलेली लिंबाची फोड आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर एवढ्यावर रात्र निभावते. ओसरीवर हिरव्या-पांढऱ्या-लाल पताका, भिंतीवर पांढरी चादर, समोर भाड्याचा प्रोजेक्टर. अंतिम सामना आपल्याकडे 20 जुलैच्या मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो. चहाची सोय हवीच. वाचकांनी आपापले बेत आम्हाला जरूर कळवावेत.