स्वावलंबी गाव आणि भरवशाचा शेजारी

म्हैसूर-हुणसूर रस्त्यावरील येलवाल येथे 21 व 22 सप्टेंबर 1957 रोजी ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद, पंतप्रधान पंडित नेहरू, जयप्रकाश नारायण आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रिपाद असे भिन्न मतांचे नेते तिला उपस्थित होते. ग्रामदान हे देशाच्या संरक्षणाचे साधन आहे, असे प्रतिपादन विनोबा भावे यांनी तेथे केले. महायुद्ध भडकल्यास आयात-निर्यात थांबेल व पंचवार्षिक योजना कोलमडतील. त्या वेळी स्वतःच्या पायावर उभी असलेली गावेच देशाला तारतील, असा त्यांचा युक्तिवाद होता.

2020 मध्ये युद्ध न होताही तो प्रसंग ओढवला. महासाथीमुळे सीमा बंद झाल्या आणि पेट्रापोल-बेनापोल मार्गावरील मालवाहतूक ठप्प झाली. तेव्हापासून स्वावलंबनाचा उच्चार वाढला, हे योग्यच झाले. परंतु स्वावलंबन म्हणजे दारे लावून बसणे नव्हे. ज्या वर्षी येलवालची परिषद झाली, त्याच वर्षी कर्नाटकातील पदयात्रेत विनोबांनी ‘जय जगत्’चा घोष दिला. पुढे अफगाणिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांना जोडणाऱ्या त्रिकोणातील देशांचा संघ व्हावा, ही कल्पनाही त्यांनी मांडली. स्वयंपूर्ण गाव आणि भरवशाचा शेजारी ही त्यांच्या लेखी एकाच विचाराची दोन अंगे होती.

या विचाराची कसोटी महाराष्ट्राच्या कांद्यावर लागली. मे 2020 मध्ये रस्ते बंद असताना नाशिक जिल्ह्यातील कांदा रेल्वेने बांगलादेशात पोहोचला. अडचणीच्या काळात शेजारधर्म आणि शेतकऱ्याचे हित एकत्र साधता येते, हे त्यातून दिसले. मात्र 14 सप्टेंबर 2020 रोजी कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी आली. आदल्या वर्षीही सप्टेंबरमध्ये असेच घडले होते आणि आधी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असे बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधानांनी दिल्लीत जाहीरपणे म्हटले होते.

रब्बीचा कांदा उन्हाळ्यात काढून शेतकरी तो चाळीत साठवतो. पाच महिने घट व सड सोसून भावाची वाट पाहिल्यावर ऐन विक्रीच्या वेळी बाजार बंद होतो. शेजारी देशाचा ग्राहकही अन्य पुरवठादार शोधतो किंवा स्वतःचे उत्पादन वाढवतो. गेलेला ग्राहक बंदी उठल्यावर आपोआप परत येत नाही.

देशातील ग्राहकाला रास्त दरात कांदा मिळावा, ही सरकारची जबाबदारी आहे, यात वाद नाही. तथापि त्यासाठी वेळेवर केलेला राखीव साठा आणि सुधारित साठवणूक हे उपाय उपलब्ध आहेत. बंदी हा त्यांतील सर्वांत सोपा, परंतु शेतकऱ्याला सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे.

शेजाऱ्यांचे सहकार्य राजकीय तणावातही टिकू शकते. 2020 च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, नागपूरपर्यंत आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1964 मध्ये स्थापन केलेल्या आयोगाद्वारे भारत, पाकिस्तान, इराण व अफगाणिस्तान टोळांविषयीची माहिती परस्परांना देतात. महासाथीतही हे काम दूरसंवादाद्वारे चालू राहिले. याउलट 1985 मध्ये स्थापन झालेल्या सार्कची शिखर परिषद 2014 नंतर भरलेली नाही. 15 मार्च 2020 च्या दूरदृश्य बैठकीत भारताने आपत्कालीन निधीसाठी एक कोटी डॉलर देऊ केले, पण ती जवळीक पुढे वाढली नाही. एकूणच, काम नेमके आणि तांत्रिक असेल तर सहकार्य तग धरते.

म्हणून मोठ्या घोषणांपेक्षा तीन मर्यादित गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, शेजारी देशांना द्यावयाच्या कांद्याची किमान मात्रा रब्बीच्या लागवडीपूर्वी जाहीर करावी आणि हंगामभर पाळावी. दुसरी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रे व प्रयोगशाळांचे अहवाल परस्परांनी मान्य करावेत, म्हणजे नाशवंत माल सीमेवर खोळंबणार नाही. तिसरी, टोळांप्रमाणेच अमेरिकन लष्करी अळीसारख्या सीमा न जुमानणाऱ्या किडींविषयीची माहिती संशोधन संस्थांनी तत्काळ एकमेकांना द्यावी.

चाळीतील कांदा काही महिने टिकतो. ग्राहकाचा विश्वास मात्र जपल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पुढील संकटात गावाला तारण्यासाठी धान्याच्या कोठाराबरोबर हा साठाही हवा.