185 तिकिटं, 180 जागा आणि गुणपत्रिकेत नसलेला रकाना

गेल्या महिन्यात सांगलीत एका आंतरमहाविद्यालयीन गणिती मॉडेलिंग स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली. विषय होता विमानांचं ओव्हरबुकिंग. विषय जुनाच, 2002 साली अमेरिकेच्या एमसीएम या विद्यार्थी स्पर्धेत तो येऊन गेलाय. निकाल लागला, फेटे बांधून झाले, फोटोही झाले. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

आधी विषय सांगतो. विमानात 180 जागा आहेत. तिकीट काढून न येणारे प्रवासी नेहमीच असतात, म्हणून कंपनी 180 पेक्षा जास्त तिकिटं विकते. किती जास्त विकावीत, हा प्रश्न. कमी विकली तर खुर्च्या रिकाम्या जातात, जास्त विकली तर दारात आलेल्या माणसाला परत पाठवावं लागतं.

पहिल्या आलेल्या टीमचा पेपर चांगला जाडजूड होता. रंगीत आलेख, कॉम्प्युटरवर दहा हजार उड्डाणांची नक्कल, सगळं व्यवस्थित. प्रत्येक प्रवासी येण्याची शक्यता 95 टक्के धरली, तर 185 तिकिटं विकल्यावर शंभरातल्या साधारण चार उड्डाणांत कुणाला तरी खाली राहावं लागतं. मी रात्री वहीवर करून पाहिलं, बरोबर आहे.

साताऱ्याहून आलेल्या तीन पोरींचा पेपर मात्र अकरा पानांचा. एक आलेख तर हाताने काढलेला. पण तिसऱ्या पानावर त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: आपल्याकडे माणूस एकटा प्रवास करतो का? आजी आजारी पडली की अख्खं घर तिकीट रद्द करतं, आणि लग्नाला निघालं की अख्खं घर निघतं. म्हणजे प्रत्येकाचं येणं-न येणं स्वतंत्र आहे हे गृहीतकच चुकीचं. मग त्यांनी तीच 185 तिकिटं पाच-पाच जणांच्या 37 कुटुंबांना विकून पाहिली. शक्यता तीच, 95 टक्के. आता एकही कुटुंब गळलं नाही की पाच माणसं खाली राहतात, आणि असं शंभरातून पंधरा वेळा होतं. चाराचे थेट पंधरा! सगळेच काही पाचाच्या घोळक्यात फिरत नाहीत, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. खरं उत्तर मधे कुठेतरी असेल. पण मधे आहे, चारावर नाही.

या पोरी तिसऱ्या आल्या.

निकालावर माझीही सही आहे, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. गुणपत्रिकेत रकाने होते: गणिती अचूकता, संगणकाचा वापर, सादरीकरण, भाषा. गृहीतकं तपासण्याला रकानाच नाही. सहपरीक्षक म्हणाले, "सर, विचार चांगलाय हो, पण गुण कुठे टाकायचे?" मीही मान हलवली. तेव्हाच पेन खाली ठेवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. बहुतेक सगळ्या पेपरांत खाली राहिलेला माणूस म्हणजे "दंड 10,000 रुपये". हा आकडा डीजीसीएच्या नियमातला, पण ती कमाल मर्यादा आहे. 24 तासांच्या आत दुसरं विमान दिलं तर एकेरी मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त दहा हजार. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल वीस हजार. आणि तासाभरात दुसरं विमान मिळालं तर काहीच नाही. त्याच नियमात लिहिलंय की आधी स्वखुशीने थांबणारा कुणी आहे का ते विचारा. ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने 1968 सालीच सुचवलं होतं की प्रवाशांनाच विचारा, किती पैसे दिले तर थांबाल? सगळ्यात कमी मागेल त्याला थांबवा. ज्याची परीक्षा आहे, ज्याच्या घरी माती आहे, तो मागणारच नाही. इतकी सरळ गोष्ट मॉडेलमध्ये आणणारी एकच टीम निघाली. कुठली, ते ओळखा.

आणि आरएसी कुणालाच कशी आठवली नाही? निम्म्याहून जास्त मुलांनी विमान फक्त उजळाईवाडीला उतरताना पाहिलंय, पण महालक्ष्मीच्या साइड लोअरवर अनोळखी माणसाच्या पायाशी पाय ठेवून मुंबई गाठलेले सगळेच आहेत. रेल्वेसुद्धा बर्थपेक्षा जास्त लोक घेते. फरक एवढाच की ते तिकिटावर लिहिलेलं असतं. पाठ टेकायला मिळेल-न मिळेल, पण गाडीत चढायला मिळणार हे नक्की. विमानाच्या तिकिटावर असं काही छापलेलं मी तरी पाहिलं नाही. पुस्तकातलं मॉडेल घ्यायची आपल्याला इतकी सवय झालीय की स्वतःच्या कमरेला लागलेला बर्थ उदाहरण वाटत नाही.

ही मुलं दोन-तीन वर्षांत पुण्या-बंगळुरात नोकरीला लागतील. कुणी तिकिटांचे दर ठरवणारा प्रोग्राम लिहील, कुणी पीकविम्याचा, कुणी कर्ज कुणाला द्यायचं याचा. तिथेही कुणीतरी "प्रत्येक शेतकरी स्वतंत्र" असं धरून चालेल, आणि गारपीट अख्ख्या तालुक्यावर एकदम होईल.

आयोजकांना पत्र दिलंय: पुढच्या वर्षी शंभरातले तीस गुण गृहीतकांना ठेवा. "बघू सर" असं उत्तर आलंय. सातारा-सांगलीतल्या ज्या शिक्षक मित्रांकडे अशा स्पर्धांच्या गुणपत्रिका असतील, त्यांनी रकाने तेवढे कॉमेंटमध्ये टाका. त्या तीन पोरींना मी फोन करून सांगितलं, तुमचा पेपर पहिला होता. त्यातली एक म्हणाली, "सर, मग तेव्हा का नाही बोललात?"